गावतलावाचा काठ: ऑक्टोबर ते ऑक्टोबर

नागपूर शहराच्या हद्दीला लागून असलेला गावतलाव, भरला की 9 हेक्टर. दक्षिणेला मातीची पाळ, पाळीच्या आग्नेय टोकाला 12 मीटर रुंदीचा सांडवा, वायव्येकडून येणारा नाला आणि पूर्वेला 380 मीटर मोकळा काठ. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा, त्यामुळे लाटांचा मारा सगळा पूर्वेवर. तिथली माती दरवर्षी तुटते. काम गावकरी, मच्छिमार संस्थेचे सभासद आणि शहरातून येणारे स्वयंसेवक मिळून करतात. नोंदींमध्ये सगळ्या उंच्या सांडव्याच्या माथ्यापासून मोजल्या आहेत: माथा म्हणजे 0, त्याखालचं सगळं उणे.

9 ऑक्टोबर

पाणी उणे 4 सेंमी. सांडवा नुकताच थांबला आहे. भरलेल्या तलावाची रेघ मारून ठेवायची तर ती याच आठवड्यात, पंधरा दिवसांनी उशीर झालेला असतो.

आधी पाणीनळीने लेव्हल न्यायचं ठरलं होतं. 10 मीटरच्या नळीने 380 मीटर जायचं म्हणजे 38 टप्पे, आणि नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी टप्प्याला दोन-तीन सेंमीची चूक. त्यापेक्षा सोपा उपाय तलावातच आहे. पहाटे वारा पडलेला असताना पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे एकाच पातळीला असतो. साडेपाच ते सात या वेळात चौघांनी पाण्याच्या कडेला दर 20 मीटरवर बांबूची खुंटी ठोकली आणि तिच्यावर लाल पट्टा मारला. वीस खुंट्या, सगळ्या उणे 4 वर. इथून खाली-वर कोणतीही पातळी फूटपट्टी आणि दोरीने काढता येते.

पाळीच्या गेटजवळच्या दगडावर 0 ते उणे 200 अशी ऑइलपेंटची पट्टी मारली, दर 10 सेंमीला आकडा. दर रविवारी वाचायची.

23 नोव्हेंबर

नाल्याचं मोजमाप. पाइपाच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरली: सकाळी 8 वाजता 5 सेकंदांत भरली, दुपारी 2 ला 11 सेकंद, रात्री 9 ला 8 सेकंद. सकाळी जोर, दुपारी ओढ, म्हणजे हे घरगुती सांडपाणीच आहे, झरा नाही. मधला आकडा धरला तर सेकंदाला 2.5 लिटर, दिवसाला 216 घनमीटर.

नाल्याच्या तोंडाशी गिट्टी आणि झाडांची गाळणी करायची आहे. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर चालतं: पाणी गिट्टीतून संथ वाहतं, मुळांवरचे आणि दगडांवरचे जिवाणू घाण खातात. आपल्याकडे जागा 12 बाय 30 मीटर. गिट्टीचा थर 60 सेंमी, त्यात पोकळी साधारण 40 टक्के. म्हणजे पाणी मावेल 86 घनमीटर आणि ते आत थांबेल जेमतेम साडेनऊ तास. एवढ्या वेळात गाळ आणि तरंगती घाण अडेल, वास कमी होईल, पण सांडपाणी शुद्ध होणार नाही. हे बैठकीत स्पष्ट मांडलं पाहिजे. गाळणी झाली म्हणून वरच्या वस्तीची गटारलाइन जोडण्याची मागणी सोडली, तर तीन वर्षांत गिट्टी चिखलाने भरेल आणि तलाव होता तिथेच राहील.

गाळणीच्या आधी 6 बाय 3 मीटरचा, 1.2 मीटर खोल गाळखड्डा. त्याच्या तोंडाला सळयांची जाळी, दोन सळयांत 5 सेंमी. याहून बारीक केली तर पन्नी अडकून रोज तुंबते. पावसाळी लोंढ्यासाठी बाजूने वेगळी चारी, तिचा उंबरा गाळणीच्या तोंडापेक्षा 25 सेंमी वर: पहिला घाण लोट गाळणीत जाईल, पूर आला की पाणी चारीने निघून जाईल. ही चारी नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात गिट्टीच वाहून तलावात जाते.

12 डिसेंबर

कागद. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. गावतलावाला आधार महसुली नोंदीचा: गाव नकाशा, सातबारा, भूमी अभिलेखची मोजणी आणि ग्रामसभेचा ठराव. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल जोडायचा, सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दलचा. मोजणीचा अर्ज दिला. मोजणीच्या खुणा आणि आपल्या लाल खुंट्या एकाच नकाशावर आणायच्या.

18 जानेवारी

पाणी उणे 62. पूर्व काठावर माजलेलं बेशरम हे झुडूप काढायला सुरुवात.

विळ्याने कापून उपयोग नाही. कापलेल्या खोडाला महिन्याभरात चार फांद्या फुटतात आणि ओल्या मातीवर पडलेला वीतभर तुकडासुद्धा मुळं धरतो. जमीन ओलसर असतानाच सब्बलने बूड हलवून मुळासकट उपटायची. फेब्रुवारीनंतर काळी माती दगडासारखी होते आणि मूळ आतच तुटतं. उपटलेली झाडं काठावर टाकायची नाहीत, वर खडकाळ जागी ताडपत्रीवर पसरायची. फांदी वाकवल्यावर लवत असेल तर ती जिवंत आहे, काडकन तुटली तरच मेली. याला तीन-चार आठवडे लागतात. बकऱ्या तिकडे जाणार नाहीत हे पाहा. पाला विषारी आहे, आणि उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसलं की बकऱ्या तो खातात.

पाणकणीस वेगळं. ते पूर्ण काढायचं नाही, नाल्याच्या बाजूला त्याचा उपयोग आहे आणि जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच राहतात. पसरू नये एवढंच पाहायचं. आज एक दांडा आडवा कापून सगळ्यांना दाखवला: आत स्पंजासारखे उभे कप्पे, नुसती हवा. याच वाटेने चिखलातल्या कंदाला हवा मिळते. म्हणून दांडे पाण्याच्या पातळीखाली 15-20 सेंमीवर कापले आणि कापलेली टोकं दोन-तीन आठवडे बुडालेली राहिली, तर कंद गुदमरून कुजतो. वाळलेले दांडेही सोडायचे नाहीत, हवा त्यांच्यातूनही जाते. पाण्यावर कापलं तर मेहनत वाया.

22 फेब्रुवारी

वाळ्याची रोपवाटिका. जुनं बेट खणून फोडलं, प्रत्येक फुटव्याला दोन-तीन कोंब ठेवले, पात 20 सेंमीवर आणि मुळं 10 सेंमीवर छाटली. 6 बाय 8 इंची पिशव्या, माती: दोन भाग गाळ, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. पिशव्या 1,200 झाल्या. पूर्व काठाला दोन ओळी, 15 सेंमी अंतराने, म्हणजे 5,067 रोपं लागतील. उरलेले फुटवे जूनमध्ये थेट लावायचे असं ठरलं.

8 एप्रिल

पाणी उणे 140. गाळ काढणं सुरू. माती शेतकरी नेत आहेत, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेच्या धर्तीवर. एकरभर शेतात 5 सेंमी थर द्यायचा तर 200 घनमीटर गाळ लागतो, म्हणजे 71 ब्रास, सत्तरेक ट्रॉल्या. लोक दहा ट्रॉल्या नेऊन "फरक दिसला नाही" म्हणतात, त्यांना हा हिशेब आधीच सांगायचा.

जेसीबी उतरवण्याआधी दर 25 मीटरला सब्बलने भोक पाडून थर पाहिले. वर 40-45 सेंमी काळा-करडा गाळ, बोटांत लोण्यासारखा. त्याखाली चिकट माती, तिची गोळी वळते आणि दोरीसारखी लांबवली तरी तुटत नाही. त्याखाली मुरूम. ती चिकट माती हाच तलावाचा तळ. ती फोडली की पाणी मुरमातून निघून जातं, आणि "गाळ काढला तर तलाव दिवाळीलाच आटला" अशी तक्रार येते. खोलीची मर्यादा म्हणून प्रत्येक भोकात बांबू उभा केला आणि गाळाच्या खालच्या हद्दीवर चुना लावला.

तरी एका ठिकाणी बकेट मुरमात गेलीच, 4 बाय 3 मीटर. त्याच दिवशी बुजवलं: चिकट काळी माती ओलवून 15 सेंमीचा थर, धुमसाने ठोकून, वर दुसरा तसाच. कोरडी ढेकळं टाकून बुजवणं म्हणजे न बुजवणंच.

पाळीच्या पायथ्यापासून 15 मीटरच्या आत एक बकेटही नाही. पूर्व काठावर उतार 1 ला 6 पेक्षा उभा करायचा नाही. ऑपरेटरला सरळ कापलेली कडा नीटनेटकी वाटते, पण लाट तिच्यावर आपटते, पायथा पोखरते आणि कडा बसते. शिवाय उभ्या कडेवर झाड रुजत नाही, पक्ष्यांना उतरायला उथळ पाणी मिळत नाही आणि बुडणाऱ्या जनावराला वर येता येत नाही.

14 मे

पाणी उणे 178. जलपर्णी.

तिचं वजन लोकांना खरं वाटत नाही. एक चौरस मीटरची बांबूची चौकट टाकून आतली सगळी झाडं मुळांसकट काढली, पाणी निथळून वजन केलं: 24 किलो. 0.4 हेक्टरवर तवंग, म्हणजे 96 टन. काठावर तीन दिवस ऊन दिल्यावर त्याच चौकटीतला ढीग 10 किलोवर आला. त्यामुळे काढल्याबरोबर ट्रॉलीत भरण्याची घाई करू नये, पाण्याचंच भाडं भरावं लागतं.

वारा पाहून काम करा. दुपारी वारा सुटला की तवंग आग्नेय कोपऱ्यात आपोआप जमतो आणि तिथे ट्रॉली लागते. मध्ये डोंगा घालून ओढत आणण्यात अर्धा दिवस जातो. काढायची ती मेमध्येच: पाणी कमी, तवंग एकत्र, आणि पक्ष्यांची घरटी अजून सुरू झालेली नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो.

तणनाशक नाही. सगळी एकदम मेली की तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे जातात. शिवाय बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जलपर्णी खाणारे निओचेटिना भुंगेरे 1980 च्या दशकात भारतात आणले गेले आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयात त्यांच्यावर काम झालं आहे. त्यांना जम बसवायला हंगाम जातात, आणि आपण दर मेमध्ये झाडं उपटली तर त्यांच्यावरचे किडेही आपणच बाहेर टाकतो. दोन्ही करायचं असेल तर एक कोपरा राखीव ठेवावा लागेल. सध्या फक्त हातांनी.

खतासाठी चार भाग वाळवलेली जलपर्णी, एक भाग शेण. नाल्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर हे खत भाजीपाल्याला वापरू नये, ही वनस्पती जड धातू शोषून ठेवते.

3 जून

पाळ आणि सांडवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत प्रचंड पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते इथे कोणी विसरलेलं नाही. सांडव्यात मासे अडवायला लावलेली बारीक जाळी काढून घेण्यावर मच्छिमार संस्थेशी बोलणं झालं. जलपर्णी जाळीला चिकटली की तोच बांध होतो. त्याऐवजी सांडव्याच्या 15 मीटर पुढे तरंगता अडसर: जाड दोर, दर दीड मीटरला 20 लिटरचा रिकामा डबा, झाकण सील करून. दोर प्रवाहाला काटकोनात बांधला तर मधे पोट धरतो आणि तुटतो. तिरका बांधा, तवंग घसरत एका कडेला येतो आणि तिथून ओढून काढता येतो.

पाळीवर उंबर-पिंपळाची बोटभर रोपं दगडांच्या सांध्यांतून उपटली. मोठी दोन झाडं तशीच ठेवली आहेत. मोठं झाड नुसतं कापलं तर आतलं मूळ कुजून पाळीत नळी तयार होते, ते काम अभियंत्याला विचारूनच. घुशीची सात बिळं चिकट मातीने ठासली. पाळीवर वृक्षारोपण करायला येणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे पूर्वेच्या काठावर, +50 च्या वर न्यायचं: अर्जुन, करंज, जांभूळ तिथे.

पावसाळ्यातल्या पहाऱ्याला एकच गोष्ट पाठ करून घेतली. पाळीच्या मागून झिरपणारं पाणी नितळ असेल तर खूण करून रोज पाहा. गढूळ असेल तर माती वाहून येते आहे, रात्र असो की पाऊस, लगेच फोन करा.

22 जून

पाणी उणे 185. लागवड आणि मोळ्या, चार दिवस.

लाट अडवायच्या मोळ्या निर्गुडी आणि सुबाभळीच्या काटक्यांच्या: लांबी 3 मीटर, जाडी 30 सेंमी, दर अर्ध्या मीटरला काथ्याची दोरी. उणे 30 वर चर खणून निम्मी मोळी जमिनीत, दर 75 सेंमीला 1.2 मीटरचा बांबू, त्यातला निम्मा आत. दोन मोळ्यांची टोकं एकमेकांवर हातभर चढवली, शेवटच्या मोळ्या काठाच्या आत वळवून गाडल्या. टोक मोकळं राहिलं की लाट मोळीच्या मागे शिरते आणि पाठची माती काढते. वर चौरस मीटरला 700 ग्रॅमची काथ्याची जाळी. नायलॉनची स्वस्त मिळते, पण तिच्यात साप, कासवं आणि पाणपक्षी अडकून मरतात.

वाळा तीन ओळींत: 0 वर, उणे 25 वर आणि पाणी अजून बरंच खाली आहे म्हणून उणे 60 वरही, 1,800 फुटवे. पिशवीतली रोपं सगळी वरच्या ओळीत. तिची कमी आणि खालच्या दोन्ही ओळी उघड्या फुटव्यांनी भरल्या.

16 जुलै

पाणी उणे 18. आठवडाभरात मीटरभर चढलं.

उणे 60 ची बहुतेक ओळ गेली. 20 सेंमीच्या फुटव्यावर 42 सेंमी पाणी, तेही चहासारखं: पाण्यात सोडलेली काळी-पांढरी तबकडी 14 सेंमीवर दिसेनाशी होते. उजेड नाही, मुळं धरायला तीन आठवडेही मिळाले नव्हते. फुटवे तरंगत सांडव्याच्या अडसराला लागले. हातात घेतले तर बुडखा बोटाने दाबताच सोलून येतो, मूळ एकही नाही. जुना वाळा महिनोन् महिने पाण्याखाली तग धरतो, हे खरं, पण ते मुरलेल्या बेटाबद्दल. ताज्या फुटव्याला ते लागू नाही.

मच्छिमार संस्थेतल्या एका जुन्या सभासदाने लागवडीच्या दिवशीच सांगितलं होतं, "भाऊ, आत्ताचं पाणी नका पाहू, भादव्यात कुठवर येते ते पाहून लावा." खुंट्या त्यासाठीच ऑक्टोबरमध्ये ठोकल्या होत्या. जूनमध्ये मोकळी जमीन दिसली आणि त्यांच्याकडे पाहिलंच गेलं नाही.

पुढचा नियम: जूनमध्ये 0 ते उणे 30, तेही पिशवीतलं, 60 सेंमी उंच रोप. त्याखालचा पट्टा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी उतरत जाईल तसा त्याच्या मागे मागे, म्हणजे मुळांना सहा महिने मिळतात.

30 जुलै

दोन दुरुस्त्या. चार मोळ्यांतून गुळगुळीत हिरवे कोंब आले, पान बदामाच्या आकाराचं: बेशरम. काटक्या बांधताना जानेवारीतल्या ढिगातल्या फांद्या मिसळल्या गेल्या. मोळ्या उकलून त्या वेचल्या. यापुढे बांधणीच्या जागी बेशरमीचा ढीग असताच कामा नये.

दुसरं, पहाटे आग्नेय कोपऱ्यात मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले. खताचा ढीग काठापासून 8 मीटरवर होता आणि पावसात त्याचं तपकिरी पाणी तलावात उतरत होतं. त्यात तीन दिवस आभाळ, म्हणजे शेवाळातून मिळणारा प्राणवायूही कमी. ढीग 40 मीटर मागे नेला, भोवती चर. पाचव्या दिवशी मासे पूर्ववत.

21 ऑगस्ट

पोळ्याच्या तयारीत बैल धुवायला तलावावर गर्दी. गेल्या वर्षी कुंपण सरळ आडवं घातलं होतं, ते दोन ठिकाणी कापलं गेलं, आणि कापणाऱ्यांचं चुकलं नाही. जनावरांना पाण्यापर्यंत वाट लागतेच. यंदा उत्तरेला 6 मीटर रुंदीचा उतार ठेवला आहे: खाली दगडसोलिंग, वर 20 सेंमी मुरूम, उतार 1 ला 8, दोन्ही बाजूंना करंजाच्या बल्ल्या. बैल, म्हशी सगळे तिथूनच उतरले. कुंपण शाबूत.

7 सप्टेंबर

विसर्जनासाठी काठापासून 50 मीटरवर ताडपत्रीचे दोन कुंड, 3 बाय 2 मीटर, 1 मीटर खोल. शाडूच्या मूर्ती विरघळल्या, ती माती रोपवाटिकेला. निर्माल्य वेगळं, दोरे आणि थर्माकोल काढून खतात. प्लास्टरच्या मूर्ती बाजूला काढून महापालिकेच्या गाडीत.

11 ऑक्टोबर

पाणी उणे 6. गणना, 10-10 मीटरचे पाच तुकडे, प्रत्येक ओळीत 330 जागा. 0 ची ओळ: 291 जिवंत. उणे 25: 214, ही ओळ सगळी उघड्या फुटव्यांची. उणे 60 वर संपूर्ण ओळीत मिळून 120 च्या आसपास.

मोळ्यांच्या मागे गाळ 6 ते 11 सेंमी साठला आहे, लव्हाळा आपोआप आला आहे. जाळीत लावलेलं कुमुद टिकलं, जाळीबाहेरचं ग्रास कार्प या वनस्पती खाणाऱ्या माशाने देठापर्यंत खाल्लं. संस्थेने पुढच्या बीजात ग्रास कार्प न टाकण्याचं मान्य केलं आहे.

गाळणीचा पहिला 5 मीटर भाग चिखलाने भरायला लागला. नोव्हेंबरची कामं: तेवढी गिट्टी उपसून धुणं, गाळखड्डा उपसणं, 3,000 पिशव्या भरणं. उणे 30 ते उणे 60 चा पट्टा पाणी उणे 35 ला आलं की सुरू.